हेली-शॉ सेल : फट निम्मी केली तरी बोटं तेवढीच रुंद का?

विभाग : विज्ञान-तंत्रज्ञान » प्रयोगकट्टा (ठाणे-नवी मुंबई)

मासुंदा

हेली-शॉ सेल म्हणजे मध्ये बारीक फट ठेवून एकमेकींवर ठेवलेल्या दोन काचा. त्यांच्यामध्ये ग्लिसरीन भरायचं आणि मधल्या भोकातून हवा सोडायची. हवेचा बुडबुडा गोल राहत नाही, त्याला बोटं फुटतात आणि पुढे तीही दुभंगतात. सॅफमन आणि टेलर यांच्या १९५८ च्या शोधनिबंधातला हा प्रकार दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात घ्यायचा आहे. सेल तयार आहे, पण आकडे बुचकळ्यात टाकतायत.

मांडणी : ३०० × ३०० मिमीच्या, ५ मिमी जाडीच्या दोन काचा. खालच्या काचेला मध्ये ४ मिमीचं भोक. चारही कोपऱ्यांत ०.५ मिमीच्या फीलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या, फट मोजायच्या) पट्ट्या, वरून बाइंडर क्लिपा. सिरिंजने सुमारे १६ मिली ग्लिसरीन सोडलं की २० सेंमी व्यासाची चकती होते. हवेसाठी दोन बाटल्या : वरच्या बाटलीतलं पाणी खालच्या बंद बाटलीत उतरतं आणि तिथली हवा सेलमध्ये ढकलतं. पातळ्यांत ५० सेंमीचा फरक.

बुडबुडा २ सेंमी त्रिज्येचा होतो तेव्हा काठावर १७-१८ लाटा मोजता येतात. दोन लाटांमधल्या अंतराचं पुस्तकातलं सूत्र असं (व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा दाटपणा, वेग म्हणजे काठ पुढे सरकण्याचा) :

अंतर = ३.१४ × फट × √(पृष्ठताण ÷ (व्हिस्कॉसिटी × वेग))

यावरून फट ०.५ ची ०.२५ मिमी केली तर बोटं बारीक व्हायला हवीत. होत नाहीत. तेवढीच येतात, फक्त सगळं कूर्मगतीने चालतं. ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी घालून पातळ केलं तरी लाटा तेवढ्याच, फक्त पटापट येतात. मग सूत्रात फट आणि व्हिस्कॉसिटी आहेत कशाला?

दुसरं म्हणजे, पृष्ठताणामुळे बोटं पडतात असं एक पुस्तक म्हणतं, पृष्ठताणामुळे ती मिटतात असं दुसरं. खरं काय?

तिसरं, बोटं नेहमी एकाच कोपऱ्याकडे धावतात.

पारसिकचा_कातळ

तुमचे आकडे अगदी बरोबर आहेत. सूत्रही बरोबर आहे. फक्त त्यातला वेग तुमच्या हातात नाही, हे लक्षात घ्या. तुम्ही दाब ठरवताय.

दोन काचांमधल्या प्रवाहाचा वेग = (फटीचा वर्ग ÷ (१२ × व्हिस्कॉसिटी)) × दाबाचा उतार (दर मिलिमीटरला दाब किती घटतो तो). हा वेग वरच्या सूत्रात घाला. फट वर-खाली कटते, व्हिस्कॉसिटीही कटते. उरतं ते एवढंच :

अंतर = ३.१४ × √(१२ × पृष्ठताण ÷ दाबाचा उतार)

दाब कायम ठेवलात की फट आणि व्हिस्कॉसिटी फक्त घड्याळ बदलतात, नक्षी बदलत नाही. तुमच्याच आकड्यांवर ताडून बघा. ५० सेंमी पाणी म्हणजे ४९०० पास्कल. आतली त्रिज्या २ सेंमी, बाहेरची १० सेंमी, तर काठावर दाबाचा उतार दर मिलिमीटरला साधारण १५० पास्कल येतो. ग्लिसरीनचा पृष्ठताण ०.०६३ न्यूटन प्रति मीटर. अंतर ७ मिमी. २ सेंमी त्रिज्येचा परीघ १२६ मिमी, भागिले ७, म्हणजे १८. मिळालं की नाही?

फट फारच कमी केलीत तर एक बारीकसा फरक दिसेल. हवेला फटीत शिरायलाच २ × पृष्ठताण ÷ फट इतका दाब खर्चावा लागतो. ०.५ मिमीला तो २५० पास्कल, ०.२५ ला ५००. म्हणजे ५० सेंमीपैकी अडीच किंवा पाच सेंमी उंची निव्वळ प्रवेशशुल्कात जाते. पातळ्यांतला फरक पाच सेंमीखाली नेलात तर ०.२५ च्या फटीत हवा शिरणारच नाही, आणि मग लोक नळी तुंबली म्हणून सुई खुपसत बसतात.

आता दुसरा प्रश्न. बोटं पाडण्यात पृष्ठताणाचा हात नाही. ती व्हिस्कॉसिटीतल्या फरकामुळे पडतात. काठावर कुठेतरी हवा जराशी पुढे गेली की तिच्यापुढे ढकलायला उरलेलं ग्लिसरीन कमी, म्हणून तिथे दाबाचा उतार जास्त, म्हणून ती आणखी पुढे. पुढच्याला आणखी ढकला मिळतो आणि मागचे मागेच राहतात. या ओढाताणीत जितकी बारीक लाट तितकी ती लवकर वाढायला हवी. एकटी व्हिस्कॉसिटी असती तर काठाचा पार भुगा झाला असता. पृष्ठताण तिथे आडवा येतो : लाट जितकी बारीक तितकी तिची वळणं तीव्र, आणि तीव्र वळण तो सपाट करतो. एका ठरावीक अंतराखालच्या सगळ्या लाटा तो पुसून टाकतो, आणि त्या मर्यादेच्या १.७३ पट (√३) रुंदीची लाट सगळ्यांत लवकर वाढते. तुम्ही मोजताय ती हीच. दोन्ही पुस्तकं एकाच गोष्टीचं एकेक टोक धरून बसलीत.

मासुंदा

कळलं. म्हणजे विद्यार्थ्यांना पृष्ठताणाचा परिणाम दाखवायचा तर बाटली तशीच ठेवून द्रव बदलायचा?

पारसिकचा_कातळ

हो, आणि त्यासाठी १००० सेंटिस्टोकचं (सेंटिस्टोक हे व्हिस्कॉसिटी ÷ घनता याचं एकक) सिलिकॉन ऑइल घ्या. २५ अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी ग्लिसरीनच्या जवळपास सारखी, पण पृष्ठताण तिसरा हिस्सा : ०.०२१. बाटली त्याच उंचीवर ठेवलीत तर अंतर ७ वरून ४ मिमीवर येतं आणि त्याच त्रिज्येला ३० च्या आसपास लाटा दिसतात. बाकी सगळं सारखं ठेवून पृष्ठताण एकटा बदलायची इतकी सोपी सोय दुसऱ्या कशात नाही.

भांड्यांचा साबण घालून पृष्ठताण कमी करायच्या फंदात पडू नका. वाटीतल्या स्थिर द्रवाचा पृष्ठताण उतरतो हे खरं, पण सेलमध्ये बोटाच्या टोकाशी क्षणोक्षणी नवा पृष्ठभाग उघडत असतो आणि साबणाला तिथे पोचायला वेळ लागतो. टोकाशी एक पृष्ठताण, बुडाशी दुसरा. आकडे कशाशीच जुळत नाहीत.

काचकाम

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. एका कोपऱ्याकडे धाव म्हणजे त्या कोपऱ्यात फट जास्त. वेग फटीच्या वर्गावर जातो, त्यामुळे १० टक्के फट जास्त असली की त्या बाजूला वेग २१ टक्के जास्त. एवढ्याने नक्षी लंगडी होते. पट्टी चिकटवायला खाली सेलोटेप लावली असेल तर ०.५ मिमीत तेवढा फरक एका टेपनेच पडतो. टेप काढा, पट्टी कोरडी ठेवा. क्लिप बरोबर पट्टीच्या वर बसली पाहिजे. क्लिप दोन सेंमी आत सरकली की काच तिथे दबते आणि मध्ये फुगते.

खरी अडचण मात्र ५ मिमीच्या काचेची आहे. ५० सेंमी पाण्याचा दाब दिसायला किरकोळ, पण २० सेंमीच्या चकतीवर पसरला की वरच्या काचेला कित्येक किलोंचा रेटा बसतो. नुसत्या चार कोपऱ्यांवर टेकलेली ५ मिमीची काच मध्यात दशांश-दोन दशांश मिलिमीटर सहज फुगेल, म्हणजे तुमच्या ०.५ च्या फटीत मोठाच घोळ. काच १० मिमीची घ्या, जाडी दुप्पट झाली की बाक आठवा हिस्सा. वजन सव्वादोन किलो भरेल, दोन हातांनी उचला. पट्ट्या आठ ठेवा, चार कोपऱ्यांत आणि चार बाजूंच्या मध्यावर.

अॅक्रिलिक स्वस्त आणि भोक पाडायला सोपं म्हणून वागळे इस्टेटमध्ये लेझरवर कापून आणायचा मोह होतो. १० मिमीचं अॅक्रिलिक ५ मिमीच्या काचेपेक्षाही जास्त वाकतं. भोकवाली खालची प्लेट अॅक्रिलिकची हवीच असेल तर ती टेबलावर सपाट, सगळीकडून टेकलेली ठेवा आणि नळीसाठी टेबलालाच भोक घ्या.

काचेचं भोक डायमंड कोअर बिटने, पाण्याखाली, हलक्या हाताने. पलीकडे निघायच्या आधी काच उलटी करून दुसऱ्या बाजूने पूर्ण करा, नाहीतर मागे टवका उडतो. भोकाभोवती टवका असला की तिथली खोली वेगळी पडते आणि बोटांची सुरुवात तिथूनच होते. नक्षी दरवेळी त्याच दिशेला सुरू होत असेल तर आधी भोकाचा काठ नखाने चाचपून बघा.

रेघोट्या

टीटीसी पट्ट्यातल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) कोटिंगवाल्यांना हीच बोटं फुकट आणि नको असताना मिळतात. 🙂 दोन रोलरांच्या फटीतून लेप बाहेर पडतो तिथे, उघडत जाणाऱ्या बाजूला, मेनिस्कस (लेपाचा हवेला लागलेला वळलेला काठ) असतो. मशीनचा वेग वाढवला की तो सरळ राहत नाही, आणि कागदावर मशीनच्या दिशेने समांतर रेघा उमटतात. आमच्याकडे याला रिबिंग म्हणतात. हिशेब तोच : व्हिस्कॉसिटी × वेग ÷ पृष्ठताण. हा आकडा एका मर्यादेपुढे गेला की रेघा. मर्यादा ठरते फट आणि रोलरची त्रिज्या यांच्या गुणोत्तरावर. मोठा रोलर, बारीक फट ही सगळ्यांत वाईट जोडी.

ऑपरेटर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे लेप नीट पसरावा म्हणून सरफॅक्टंट (साबणासारखं पृष्ठताण उतरवणारं द्रव्य) वाढवतो. पृष्ठताण खाली, रेघा वाढल्या. आधी वेग कमी करा, मग व्हिस्कॉसिटी, मग जमलं तर फट वाढवा. मेनिस्कसला लागून बारीक तार ताणली तरी रेघा मोडतात, फक्त तार रोज साफ करावी लागते.

रेघा पडूनही निभावतं कधी, तर ओव्हनपर्यंत जाईतो त्या आपोआप सपाट झाल्या तर. तेही काम पृष्ठताणच करतो. रेघांची उंची एक-तृतीयांशाच्या थोडी वर उतरायला लागणारा वेळ = ३ × व्हिस्कॉसिटी ÷ (पृष्ठताण × जाडीचा घन × (६.२८ ÷ रेघांमधलं अंतर) चा चौथा घात). ३० मायक्रॉनचा लेप, व्हिस्कॉसिटी ०.५ पास्कल-सेकंद, पृष्ठताण ०.०३, अंतर २ मिमी : साधारण १९ सेकंद. अंतर ४ मिमी झालं की १६ पट, म्हणजे पाच मिनिटं. म्हणून बारीक रेघा दिसल्या तर ओव्हनची एंट्री लांबवून बघायची, रुंद रेघांना तो इलाज नाही. लेप निम्मा पातळ केलात तरी वेळ ८ पट होतो, हे कॉस्टिंगवाल्यांना समजावून सांगणं वेगळंच.

चिंचेचा_कोळ

भाबडा प्रश्न : तिरप्या ताटावर मध ओतला की त्याच्या पुढच्या काठाला ओघळ फुटतात, तीच ही बोटं का?

पारसिकचा_कातळ

दिसायला भावंडं, पण गोत्र वेगळं. ताटावर मधाला पुढे कोणी अडवत नाही, हवेची व्हिस्कॉसिटी नगण्य आणि ढकलणारा मध स्वतःच जास्त चिकट आहे. सेलमध्ये उलट : पातळ द्रव जाड द्रवाला ढकलतो तेव्हाच बोटं येतात. ग्लिसरीनने हवा ढकलून बघा, काठ गुळगुळीत राहतो.

ताटावर थराच्या पुढच्या काठाशी पृष्ठताणामुळे एक जाडसर वरंबा उभा राहतो. वरंब्यात कुठे जास्त द्रव जमला की तो भाग जड, म्हणून वेगाने उतरतो, आणि ओघळ होतो. हपर्ट यांनी १९८२ मध्ये याचं विश्लेषण केलं. ओघळांमधलं अंतर थराच्या जाडीवर आणि त्याच व्हिस्कॉसिटी × वेग ÷ पृष्ठताण या आकड्यावर जातं, पण घनमुळाने : साधारण १४ × जाडी ÷ (३ × तो आकडा) चं घनमूळ. सेलच्या सूत्रात वर्गमूळ आहे.

मासुंदा

काचा बदलतो. पण फटीचा परिणाम दाखवायचाच असेल तर दाबाऐवजी प्रवाह कायम ठेवायला हवा ना? स्टेपर मोटर आणि लीड स्क्रूवर ६० मिलीची सिरिंज बसवली तर?

पारसिकचा_कातळ

करा, पण दोन खड्डे आहेत.

पहिला : हवा स्प्रिंगसारखी दबते. सिरिंज आणि नळी मिळून ५० मिली हवा असली तर दाब ५ किलोपास्कलने चढवायलाच सुमारे अडीच मिली दट्ट्या सरकतो आणि सेलमध्ये काहीच हलत नाही. तुमची अख्खी चकती १६ मिलीची. मग पहिलं बोट काठाजवळ पोचलं की ही साठलेली हवा एका दमात सुटते. मोटर कायम वेगाने फिरतेय आणि प्रवाह मुळीच कायम नाही. सिरिंजमध्ये पाणी भरा, नळीत शेवटी फक्त काही मिली हवा राहू द्या. पाणी मात्र सेलमध्ये जाता कामा नये. पाणी ग्लिसरीनमध्ये मिसळतं, तिथे पृष्ठताण उरतच नाही, आणि बोटांची रुंदी सरळ फटीवर जाते, फटीच्या चार-पाच पट. तोही प्रयोग छान आहे, पण वेगळा.

दुसरा : कायम प्रवाहात फट निम्मी केलीत तर वेग दुप्पट आणि अंतर ०.३५ पट, म्हणजे परिणाम झकास. पण तोच प्रवाह निम्म्या फटीतून ढकलायला दाब ८ पट लागतो. ५ किलोपास्कलचे ४० झाले की काचकाम यांची १० मिमीची काचही वाकेल आणि क्लिपा उडतील. ०.५ वरून ०.४ इतकंच या. दाब दुप्पट, अंतर ०.७ पट. एवढा फरक फोटोत मोजता येतो.

मोटरचा हिशेब : ६० मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण २७ मिमी. दट्ट्या सेकंदाला १ मिमी सरकला की सुमारे ०.५७ मिली. ८ मिमी लीडच्या (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूवर हे मिनिटाला साडेसात फेरे. मोटर इतकी हळू फिरते तेव्हा पूर्ण स्टेपवर धक्के बसतात, म्हणून मायक्रोस्टेपिंग १६ वर ठेवा, म्हणजे एका स्टेपचे १६ तुकडे. धक्क्यांचे ठसे नक्षीच्या काठावर दिसतात.

खाडीकिनारा

जुलैत करणार असाल तर ग्लिसरीनची बाटली उघडी ठेवू नका. ते हवेतली वाफ ओढून घेतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात वाफेला तोटा नाही. २० अंशांना शुद्ध ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी १.४ पास्कल-सेकंद. ५ टक्के पाणी शिरलं की ०.५२, १० टक्के शिरलं की ०.२२. तापमानाचाही हिशेब तसाच : शुद्ध ग्लिसरीन २० अंशांना १.४ तर ३० अंशांना ०.६. एसी लावून एका बॅचने आणि एसी बंद असताना दुसऱ्या बॅचने वेग मोजले तर ताळमेळ बसणार नाही.

म्हणून प्रयोगाच्या दिवशीच व्हिस्कॉसिटी मोजा. ३ मिमीची स्टीलची बेअरिंगची गोळी १०० मिलीच्या मोजपात्रात सोडा. ०.९ पास्कल-सेकंदच्या ग्लिसरीनमध्ये स्टोक्सच्या सूत्राने ती सेकंदाला ३६ मिमी उतरायला हवी, पण पात्राच्या भिंतीमुळे २७-२८ च उतरते. २७ मिमी व्यासाच्या पात्रात वेग साधारण ०.७७ पट होतो, ही दुरुस्ती विसरलात तर व्हिस्कॉसिटी तीस टक्के जास्त येईल. गोळी मधोमध सोडा, वरचे दोन-तीन सेंमी मोजू नका.

रंगासाठी पाण्यातला खाद्यरंग नको, त्यातलं पाणी वर सांगितलेलंच नुकसान करतं. पूड स्वरूपातला रंग चिमूटभर, आदल्या दिवशी ढवळून, बुडबुडे बसू द्यायचे. सिलिकॉन ऑइलमध्ये हा रंग विरघळत नाही. तिथे रंग न घालता खालून तिरपा प्रकाश द्या, काठ गडद दिसतो.

काचकाम

सिलिकॉन ऑइलनंतर त्याच काचेवर ग्लिसरीन घालू नका. तेलाचा फिल्म राहतो आणि मग ग्लिसरीन काचेला नीट धरत नाही, काठ तुटक येतो. दोन द्रवांना दोन जोड्या. एकच जोडी असेल तर ग्लिसरीनचे प्रयोग आधी उरका. ते पाण्याने धुऊन जातं.

उसाचं_चिपाड

याच प्रकाराचं विश्लेषण सॅफमन-टेलरच्या आधी, १९५२ मध्ये, हिल यांनी साखर शुद्धीकरणाच्या संदर्भात केलं होतं. हाडांच्या कोळशाने भरलेल्या उभ्या खांबातला साखरेचा घट्ट रस पाण्याने ढकलून काढायचा, तर पाणी रसातून वाटा काढत निसटतं. वरून पाणी आणि खाली जड रस असेल तर गुरुत्वाकर्षण काठ सपाट ठेवायला मदत करतं. एका वेगाच्या आत बोटं पडतच नाहीत.

तुमच्या सेलवरही दाखवता येईल. सेल उभा करा, दोन्ही बाजू सील, वर हवा, खालून निचरा. ०.५ मिमी फट आणि ०.९ व्हिस्कॉसिटीला ही मर्यादा सेकंदाला ०.२९ मिमी येते. गंमत म्हणजे वर-खाली दोन्ही तोंडं उघडी ठेवलीत तर ग्लिसरीन आपसूक बरोबर याच वेगाने उतरतं, म्हणजे अगदी सीमेवर. खालच्या नळीला चिमटा लावून निचरा थोडा आवळा : काठ सरळ. मग वरून हवेचा दाब द्या : बोटं. १० सेंमी उतरायला सहा मिनिटांहून जास्त लागतील, तेवढ्यात हजेरी घ्या.

मासुंदा

उभ्या सेलची कल्पना उत्तम. अजून एक : बाजू बंद असलेल्या अरुंद चॅनेलमध्ये एकच बोट उरतं आणि ते नेहमी निम्म्या रुंदीचं असतं म्हणतात, ते ०.५ मिमी फटीत ४० मिमी चॅनेलला दिसेल का?

पारसिकचा_कातळ

दिसेल, पण "नेहमी" नाही. हळू ढकललंत तर बोट चॅनेलचा बराच भाग व्यापतं, वेग वाढवत नेलात की अरुंद होत निम्म्याच्या जवळ येऊन थांबतं, आणखी वाढवलात की टोक दुभंगतं. सॅफमन आणि टेलर यांना पृष्ठताण शून्य धरून गणितात कुठल्याही रुंदीचं बोट चालत होतं, आणि प्रयोगात मात्र निम्मंच येत होतं. निम्माच का, याचा उलगडा १९८० च्या दशकात झाला : पृष्ठताण कितीही कमी असला तरी तो साफ शून्य धरता येत नाही, आणि तेवढा कणभर पृष्ठताणच बाकीच्या रुंदी बाद करतो.

४० मिमी चॅनेलला सेकंदाला १ मिमीपासून सुरुवात करा. बाजू बंद करणाऱ्या रबरी गॅसकेटचा काठ ब्लेडने एका फटक्यात कापलेला हवा. रबराचा तुसा आत आला की बोट त्याला टेकून तिरपं होतं. हवा शिरते तिथे चॅनेलच्या तोंडाशी २-३ सेंमी जागा ग्लिसरीनशिवाय ठेवा, म्हणजे सुरुवातीचा काठ सरळ मिळेल. रुंदी टोकापासून निदान दोन चॅनेल-रुंदी मागे मोजा, टोकाजवळ ती अजून भरत असते.

रेघोट्या

हातात सेल असेपर्यंत उचलायचा प्रकारही करून घ्या. ०.३ मिली ग्लिसरीन दोन काचांत ०.१ मिमीपर्यंत दाबलं की ६ सेंमीची चकती होते. वरची काच एका कडेने उचला, हवा काठाकडून आत घुसते आणि झाडासारखी नक्षी उरते. ग्लिसरीनची नक्षी काही क्षणांत मिटते, टूथपेस्टची टिकते, कारण तिला वाहायला किमान ताण लागतो आणि पृष्ठताण तेवढा पुरवू शकत नाही. पवईला आयआयटी मुंबईत प्लेटला ठरावीक जागी बारीक भोकं ठेवून, हवा कुठून शिरेल ते आधीच ठरवून, या झाडांचा आकार ताब्यात आणण्याचं काम झालंय. तुमच्या अॅक्रिलिकवाल्याकडून १ मिमीची चार भोकं पाडून घ्या. या खेळाला वाकलेलं अॅक्रिलिक चालतं.

मासुंदा

१० मिमीच्या काचा सांगितल्या आहेत, आठ पट्ट्या, दोन जोड्या. सिलिकॉन ऑइल १००० चंच मागवतो. बाटलीची उंची २५, ५० आणि १०० सेंमी अशी तीन ठेवू का?

पारसिकचा_कातळ

ठेवा. २ सेंमी त्रिज्येला ग्लिसरीनच्या साधारण १२, १८ आणि २५ लाटा यायला हव्यात. २५ सेंमीला प्रवेशाचा दाब एक-दशांश खातो, म्हणून तिथे १२ पेक्षा एखादी कमी आली तर ती चूक समजू नका. आणि फोटो २ सेंमीलाच घ्या. चकतीत गोल काठाचा वेग आधी जास्त, मध्ये कुठेतरी सर्वांत कमी आणि कडेशी पुन्हा जास्त असतो. पुढे गेलात की जुनी बोटं दुभंगलेली असतात, मोजणी भलतीच येते. व्हिडिओ घेऊन फ्रेम निवडा, एक्स्पोजर लॉक करून, खाली बटर पेपर लावलेलं एलईडी पॅनल.